पाण्याच्या वाटेने

सायकल हे एकट्याचे वाहन आहे, असे आमचे पुष्कळ दिवसांचे मत होते. तीवर बसणारास दुसऱ्याचा भार सोसावा लागत नाही आणि दुसऱ्याच्या मर्जीने थांबावेही लागत नाही. भावाभावांच्या प्रवासास असे वाहन कितपत योग्य, याचा विचार करण्याचा प्रसंग आमच्यावर पन्नाशी उलटल्यावर आला.

मुरुड हे आमचे गाव लातूर-बार्शी रस्त्यावर आहे. वडिलांच्या पश्चात आम्हां दोघां भावांत शेत वाटले गेले. विहीर मात्र सामाईक राहिली. एक दिवस आमची पाळी, एक दिवस धाकट्याची, असे वाटणीपत्रात लिहिले होते. कागदावरची पाळी सरळ असते. पाणी आटू लागले म्हणजे ती वाकडी होते. २०१६ च्या उन्हाळ्यात मोटर अर्धा तास चालली की विहीर तळ दाखवी. अर्ध्या तासाच्या पाण्यावरून आम्हां भावांचे बोलणे बंद झाले.

त्याच उन्हाळ्यात लातूर शहरास आगगाडीने पाणी आले. ११ एप्रिल रोजी मिरजेहून निघालेली पहिली गाडी दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन दुसऱ्या दिवशी पहाटे लातुरास पोचली. पुढे पन्नास-पन्नास वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या. पाणी कृष्णेचे, आणि प्रवास सुमारे ३४० किलोमीटरांचा! त्या गाड्या मुरुडाच्या स्थानकावरूनच पुढे जात. आम्ही त्या पाहावयास जात असू. धाकटाही येई, परंतु तो फलाटाच्या एका टोकास आणि आम्ही दुसऱ्या टोकास, अशी आमची उभे राहण्याची रीत होती.

गेल्या वर्षी घरच्या लग्नकार्यात धाकटा आपण होऊन आमच्या पंक्तीस येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, ते पाणी जिथून आलं, तिथवर सायकलीनं जाऊन येऊ." आम्हांस प्रथम हसू आले. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका खंड या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत सायकलीने ओलांडला, हे आम्ही वाचले होते. परंतु त्या शर्यतीत एकाने चालवावे व दुसऱ्याने तेवढ्यात विसावा घ्यावा, अशी पाळी असते. आम्हांस पाळीचा अनुभव बरा नव्हता. तरीही आम्ही 'हो' म्हणालो.

फाल्गुनाच्या आरंभी एका पहाटे आम्ही दोघे निघालो. वाट बहुतेक जुन्या बार्शी लाइट रेल्वेच्या सोबतीने जाणारी. अडीच फूट रुंदीची ती चिमुकली गाडी १८९७ साली बार्शीस, १९११ साली लातुरास आणि १९२७ साली मिरजेस पोचली. आमच्या लहानपणी वडील आम्हां दोघांस तीतूनच पंढरपुरास नेत. पुढे रूळ रुंद झाले, म्हणूनच ती पाण्याची अवजड गाडी एवढा पल्ला गाठू शकली. ढोकीजवळचे तेर लागले. गोरोबाकाकांचे हे गाव पूर्वी तगर या नावाने ग्रीक व्यापाऱ्यांस ठाऊक होते आणि येथला माल गाड्यांत भरून भडोचेच्या बंदरास जाई. येडशीचा घाट उतरून सायंकाळी बार्शी गाठली. दुसऱ्या दिवशी कुर्डुवाडीवरून पंढरपूर. या दोन दिवसांत आम्ही हवापाण्यावर बोललो, पिकांवर बोललो. विहिरीचा विषय मात्र दोघांनीही टाळला.

सांगोला मागे पडले आणि पश्चिमेचा वारा अंगावर आला. अशा वाऱ्यात एकाने पुढे राहून वारा अंगावर घ्यावा आणि दुसऱ्याने त्याच्या मागे चिकटून चालावे, म्हणजे मागच्याचे श्रम पुष्कळ कमी होतात. आम्ही वडीलकीच्या अधिकाराने नियम घातला: पाच किलोमीटर आम्ही पुढे, पाच धाकट्याने. दगड मोजून आम्ही आमचे पाच पुरे करीत असू आणि लगेच बाजूस होत असू. नागज जवळ येईपर्यंत आमच्या ध्यानात आले की, धाकट्याचे पाच संपून सात होत, कधी आठही होत, आणि तो बाजूस होत नसे. आम्ही हाक मारली, "तुझी पाळी संपली रे!" तो मागे न पाहता म्हणाला, "संपू द्या."

ते दोन शब्द आम्हांस वाऱ्यापेक्षा अधिक झोंबले. कवठेमहांकाळच्या बाजूस रस्त्याकडेला बेदाण्याच्या शेड होत्या. म्हैसाळ योजनेने उपसलेले कृष्णेचे पाणी एका कालव्यातून संथ चालले होते. आम्ही सायकल थांबविली. नऊ वर्षे जे बोललो नव्हतो ते तेथे बोललो: त्या उन्हाळ्यात एका रात्री, पाळी धाकट्याची असता, आम्ही चोरून मोटर चालविली होती.

धाकटा कालव्याकडे पाहत म्हणाला, "ठाऊक आहे, दादा. मी तिथंच होतो, बांधाआड. बटणाकडं हातही गेला होता माझा. पण तुमच्या गोठ्यातली जनावरं दोन दिवस ओरडत होती. म्हटलं, होऊ द्या."

"मग बोलला का नाहीस इतकी वर्षं?"

"तुम्ही सांगाल, म्हणून वाट पाहिली."

दुसऱ्या दिवशी मिरज आली. कृष्णेच्या काठी बसून आम्ही पात्र पाहिले. तीनशेच्या आसपास किलोमीटर पायाखाली घातल्यावर एवढेच उमगले की, पाणी एवढ्या दुरून आणता येते; परंतु एका बांधावरून दुसऱ्या बांधावर एक शब्द नेण्यास आम्हांस नऊ वर्षे लागली. वाटणीपत्र आहे तसेच आहे, ते बदलण्याचे कारणही नाही. परतल्यावर एकच फरक झाला. आपल्या पाळीचे पाणी काढून झाले की, आता आम्ही मोटर बंद करण्यापूर्वी धाकट्यास हाक मारून विचारतो, तुला काही हवे आहे का? बहुतेक वेळा तो नको म्हणतो.