दोन सायकली आणि एक तास

वाचकहो, घरातील रुग्णाची दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्याला स्वतःसाठी एक तास मागणे किती अवघड जाते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. माझ्या यजमानांना पक्षाघात झाला त्याला आता तीन वर्षे झाली. गेले वर्षभर आम्ही लेकीकडे, अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात राहत आहोत. या उन्हाळ्यात ती म्हणाली, “आई, रोज संध्याकाळी तासभर बाबांजवळ मी बसेन. तू सायकल काढ.” मी ६६ वर्षांची. सदाशिव पेठेतून फर्ग्युसन महाविद्यालयात सायकलने जात असे, त्यालाही पंचेचाळीस वर्षे लोटली.

लेकीच्या गॅरेजमध्ये पोलादी सायकली दोन होत्या. दोन्ही शेजारच्याच ब्लूमिंग्टनमधील सर्ली या कंपनीच्या: जुनी ‘क्रॉस-चेक’ आणि नंतर घेतलेली ‘स्ट्रॅगलर’. दोघींची घडण सख्ख्या बहिणींसारखी. सांगाडा क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या ४१३० जातीच्या पोलादाचा, टायर रुंद बसण्याजोगी जागा, सामान बांधण्याची सोय, आणि डांबरी रस्ता व मातीची वाट या दोन्हींवर चालण्याची तयारी. माझी मान व मनगटे जपण्यासाठी लेकीने दोन्हींची वाकडी हँडले काढून सरळ हँडले बसवली. मग उरला मुख्य भेद एकच, ब्रेकचा. क्रॉस-चेकचे ब्रेक चाकाच्या रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबून थांबवतात. स्ट्रॅगलरमध्ये चाकाच्या मध्यभागी धातूची तबकडी असते आणि ब्रेक तिला पकडतो.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे मलाही वाटले होते. इथे मिडटाउन ग्रीनवे नावाचा सुमारे ९ किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. जुन्या रेल्वेमार्गाच्या जागेवर तो केलेला असून बराचसा भाग रस्त्यांच्या पातळीखालून जातो, त्यामुळे मोटारींची भीती नसते. त्या कोरड्या, सपाट वाटेवर मला दोन्ही सायकली सारख्याच वाटल्या. उलट क्रॉस-चेक किंचित हलकी, आवाज न करणारी, आणि तिच्या ब्रेकची दुरुस्ती तर आपल्या गल्लीतल्या सायकलवाल्यालाही जमेल अशी.

भेद कळला तो मिनेसोटा नदीकाठच्या मातीच्या वाटेवर, पावसाची सर येऊन गेल्यावर. क्रॉस-चेकचा ब्रेक दाबला आणि क्षणभर काहीच झाले नाही. ओल्या रिमवरचे पाणी आधी पुसले जावे लागते, मगच रबराची पकड बसते. मी आणखी जोर लावला आणि अंगठ्याच्या मुळाशी कळ उठली. सायकल थांबली. मी पडले नाही, पण पाय थरथरत होते.

वाचकहो, हा अंगठा कशाने झिजला ते सांगते. यजमानांना खुर्चीतून उठवताना दिवसातून दहा-बारा वेळा जो हात ताण सोसतो, तोच हात ब्रेक दाबतो. त्या क्षणी मनात आले, मी पडले तर त्यांना उठवणार कोण? सायकलची निवड ही केवळ माझी हौस राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने स्ट्रॅगलर नेली. तबकडी चिखलापासून उंच असल्याने ओलाव्यातही पकड लवकर मिळाली आणि जोरही कमी लागला. कधी ती कर्कश ओरडते, हा तिचा अवगुण मी आनंदाने पत्करला. मात्र उतारानंतर ती तापलेली असते, तिला हात लावू नये. ब्रेकच्या मुठीला बहुधा एक लहान स्क्रू असतो. तो फिरवून मूठ बोटांच्या जवळ आणता येते. लहान हातांना याचा मोठा आधार होतो.

आणखी एक गैरसमज माझा गेला. पोलाद धक्के शोषते असे म्हणतात, परंतु हातापायांना जाणवणारा फरक पडला तो रुंद टायरमधली हवा थोडी कमी केल्यावर. तेव्हा सायकल बदलण्याआधी हवा तपासावी.

या दोन्ही सायकलींचा एक दोष मात्र समान आहे. त्यांची आडवी दांडी उंच आहे. मी ब्रेक धरून सायकल आपल्याकडे कलती करते आणि मगच पाय टाकते. ज्यांना हे जमत नाही, त्यांनी खाली वळलेल्या दांडीचीच सायकल घ्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही. सीट सुरुवातीला इतकी खाली ठेवावी की पाय जमिनीला टेकतील. सराव झाल्यावर ती हळूहळू वर घ्यावी. पायडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला की उंची योग्य समजावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, चक्कर येत असेल किंवा तोल जात असेल, तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज सायकलवर बसू नये. हेल्मेट तर हवेच. सायकलने गुडघ्यांवर शरीराचा भार फारसा पडत नाही, पण त्याच कारणाने हाडांना बळकटीही मिळत नाही. म्हणून चालणे सोडू नये.

मी स्ट्रॅगलर निवडली. पावसाच्या दिवशी तीही बाहेर काढत नाही.

परतल्यावर यजमान अडखळत एकच प्रश्न विचारतात, “किती लांब?” मी किलोमीटर सांगते. ते मान डोलावतात आणि डावा हात पुढे करतात. मी त्यांना उठवते. हल्ली दोघांनाही त्याचा त्रास थोडा कमी वाटतो. तो तास मागायला मी तीन वर्षे घेतली. आपण इतका वेळ घेऊ नये.