वस्तीवरच्या घराचं कंपाऊंड आणि बाहेरचे तीस फूट



आज पिकाचं काही नाही, घराभोवतीच्या कंपाऊंडचं लिहितो. आमच्या जुन्नर तालुक्यात वस्तीवर राहणाऱ्या माणसाला आता पाण्याच्या आधी बिबट्याचा विचार करावा लागतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चार तालुके वन खात्याच्या जुन्नर विभागात येतात आणि चारी तालुक्यांत हीच गत आहे. धरणं झाली, कालवे आले, पाण्यामागं ऊस आला आणि उसात बिबट्या आला. आता त्याची पिल्लंही उसातच होतात. ज्यानं डोंगर बघितलाच नाही तो डोंगरात परत कशाला जाईल? तेव्हा तो इथंच राहणार असं धरून घराची व्यवस्था करायची.

आमचं घर गावठाणापासून दीड किलोमीटर, रानातच. माणसं सात. आई, आम्ही दोघं, मुलगा-सून आणि दोन नातवंडं. नातू सहा वर्षांचा, नात तीनची. नऊ शेळ्या, दोन गाई, एक कुत्रं. आई सांगते, पूर्वी घराला कंपाऊंड म्हणजे शेराची ओळ, मध्ये खिंडार पडलं तर बाभळीच्या फेसाट्या, आणि दारात काट्याचा झापा. चुकार गुरं अडवायला तेवढं बास होतं. चार वर्षांपूर्वी आम्ही जाळीचं कंपाऊंड केलं. आईला ते अजून आवडत नाही. "कोंबड्यावाणी कोंडलंस आम्हाला," म्हणते. पण संध्याकाळी गेट लावलं का, हे सगळ्यात आधी तीच विचारते.

कामाचं सांगतो. जागा १०० फूट बाय ७५ फूट, म्हणजे फेरा ३५० फूट. जाळी आणायच्या आधी मोजणी करून घेतली. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करायचा, मोजणी झाली की क प्रत मिळते, हद्द कागदावर येते. तरीही कंपाऊंड बांधावर घ्यायचं नाही. आपल्या रानात तीन फूट आत घ्यायचं. एक तर बांधावरनं भांडण होत नाही. दुसरं म्हणजे जाळीच्या बाहेरून फिरता येतं, गवत काढता येतं. बांधाला चिकटून जाळी लावलेल्यांची बाहेरची बाजू मी बघतो, कमरेएवढं गवत असतं आणि ते काढायला शेजाऱ्याच्या पिकात उतरावं लागतं. मग कोण काढतंय?

पोल सिमेंटचे घेतले, आठ फुटी. दोन फूट जमिनीत, सहा फूट वर. आठ-आठ फुटांवर एक, गेटचे धरून ४५ पोल, आणि चार कोपऱ्यांना दोन-दोन टेकू वेगळे. टेकूवर पैसे वाचवू नका. जाळीचा सगळा ताण कोपऱ्यावर येतो. टेकू नसला की कोपरा आत झुकतो आणि मग पूर्ण बाजू झोळीसारखी लोंबते.

काळ्या जमिनीत खड्ड्याचं विशेष बघायचं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पोलला वर्षभर हलवत राहते. आमच्याकडं दीड फुटावर मुरूम लागतो. प्रत्येक खड्डा मुरमात अर्धा फूट तरी घुसलाच पाहिजे, असं मिस्त्रीला आधीच बजावलं होतं. काँक्रीट भरल्यावर वरचं तोंड पोलपासून बाहेर उतरतं करायचं, म्हणजे बुडाशी पाणी थांबत नाही. आणि सात दिवस पाणी मारायचं. मिस्त्री तिसऱ्या दिवशी जाळी ओढायला आला होता, त्याला चहा पाजून परत पाठवला. कच्च्या काँक्रीटवर ताण दिला तर पोल खड्ड्यातच ढिला होतो आणि तो पुन्हा कधी घट्ट होत नाही.

जाळी घेताना गेज बघा. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे उलटं गणित बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. १० गेज म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास, १२ गेज म्हणजे साधारण २.६. ऐकायला फरक छोटा वाटतो, पण १० सांगून १२ दिली तर लोखंड एक तृतीयांश कमी आलं. फुटावर भाव सांगणाऱ्या दुकानात हेच होतं. वजन करून घ्या, आणि गावातल्या फिटरचा व्हर्नियर मागून तार मोजा. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या.

जाळी लावायच्या आधी तीन आडव्या तारा ताणून घ्यायच्या. खाली, मध्ये आणि वर. जाळी त्या तारांना बांधायची, नुसती पोलला नाही. आमची जाळी पाच फुटी आहे, वर काटेरी तारेच्या दोन ओळी. खालची कड जमिनीत अर्धा फूट गाडली आणि तिच्यावर दगडांची ओळ लावली, कारण रानडुक्कर आणि कुत्री खालूनच उचकटतात. सांडपाण्याची मोरी बाहेर जाते तिथं पाइपाला सळईची जाळी ठोकली.

आता मुद्द्याचं. एवढं करून बिबट्या थांबतो का? मनात आणलं तर नाही थांबत. झाडावर चढणारं जनावर आहे ते, सहा फुटांचं त्याला काय? कंपाऊंडचा उपयोग एवढाच की तो सहज फिरत फिरत अंगणात येत नाही, आणि पोर खेळता खेळता उसाच्या कडेला जात नाही. त्याला उडी मारून आत यावंसं वाटेल असं काही आत ठेवायचं नाही, हे खरं काम. आणि ते रोजचं आहे.

शेळ्या उघड्या कंपाऊंडात बांधल्या तर जाळीचा काही उपयोग नाही. शेळ्यांचं शेड चारी बाजूंनी आणि वरूनही बंद पाहिजे. पत्रा आणि भिंत यांच्यात हवेसाठी सोडलेली जागा असते तिथंही जाळी पाहिजे. दाराला कडी बाहेरून, आणि कडीत खुंटी. कुत्रंसुद्धा रात्री त्याच शेडात. लोक राखणीला म्हणून कुत्रं अंगणात साखळीनं बांधतात. बिबट्या वस्तीवर येतो तो बऱ्याचदा कुत्र्यासाठीच, आणि साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे वाढलेलं ताट. मेलेली कोंबडी, वार, काहीही उकिरड्यावर टाकायचं नाही. खोल पुरायचं.

दुसरी गोष्ट, जाळीला टेकवून काही ठेवायचं नाही. कडब्याची गंजी, जळणाचा ढीग, उकिरडा, ट्रॉली. आपण जागा वाचवतो आणि त्याला पायरी करून देतो. उकिरड्याचा तर दुहेरी तोटा, शेणामुतानं जाळी खालून गंजते. आमच्या आंब्याची एक फांदी जाळीच्या बाहेर गेली होती, ती तोडली. आई दोन दिवस बोलली नाही, कारण त्या फांदीचे आंबे सगळ्यात गोड.

घरच्या मंडळींचं आणि माझं वेलांवरून दर पावसाळ्यात वाजतं. तिचं म्हणणं, एवढी जाळी आयती उभी आहे, दोडका, कारली, घेवडा चढवला तर भाजी विकत आणायला नको. तिचंही बरोबर आहे. पण वेल चढला की जाळीपलीकडचं दिसत नाही, वाऱ्याचा जोर पोलवर येतो, आणि ओलीनं तार गंजते. मग असं ठरलं की रस्त्याकडच्या बाजूला पाहिजे तेवढे वेल, उसाच्या बाजूला एकही नाही. दिवाळीनंतर वाळलेले वेल ओढून काढायचे. त्याच वेळी मी सगळ्या फेऱ्याला एक चक्कर मारतो. तुटलेली बांधणी, ढिली तार, गंज धरलेली जागा बघतो. गंज घासून वर झिंकचा रंग लावतो. गेटची बिजागरी वर्षात एकदा तरी उतरते. गेट खालून चार बोटांपेक्षा जास्त उचललं गेलं की पुन्हा बसवायचं. ही चक्कर कारखान्यांची तोड भरात यायच्या आधी झाली पाहिजे. तोड सुरू झाली की उसातली जनावरं जागा बदलतात आणि घरांजवळ दिसायला लागतात.

झटका मशीनबद्दल सगळेच विचारतात. बॅटरीवरचं मशीन थांबून थांबून, क्षणभराचा झटका देतं, त्यानं जनावर दचकतं, मरत नाही. उसाच्या बाजूला वरच्या तारेवर ते चालतं, पोरांच्या हाताच्या उंचीवर नको. गवत तारेला लागलं की झटका जमिनीत उतरतो आणि मशीन नुसतं टिकटिक करत बसतं. उन्हाळ्यात अर्थिंगची जागा कोरडी पडली तरी तेच, तिथं पाणी घालावं लागतं. पण मेन लाइनचा करंट थेट तारेत सोडणारे आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, नका करू. तो गुन्हा आहे हे एक. आणि त्या तारेला दर वर्षी माणसंच चिकटतात, कधी घरातलीच.

कंपाऊंडच्या बाहेरून मी तीन फुटांची पट्टी स्वच्छ ठेवतो. गवत नाही, पाचट नाही, दाताळ्यानं भुसभुशीत केलेली माती. सकाळी दूध काढायच्या आधी बॅटरी घेऊन आतून फेरी मारायची आणि माती वाचायची. कुत्रं, कोल्हा, तरस यांच्या ठशात नखं उमटतात. बिबट्या नखं आत ओढून चालतो, त्याचा ठसा गोल, बिननखाचा. हे नातवालाही शिकवलंय. गेल्या वर्षभरात अकरा वेळा ठसे दिसले. अकराही वेळा पूर्वेच्या बाजूला. एकदा तर गेटपाशी बसल्याची खूण होती. उरलेल्या तीन बाजूंना कांदा, घास आणि रस्ता आहे. पूर्वेला चुलत भावाचा ऊस, बांधापर्यंत.

म्हणून मी दादांकडं गेलो. म्हटलं, "दादा, घराच्या अंगाला तीस फूट ऊस सोडा." ते म्हणाले, "तुझ्या घरापायी माझा ऊस का कमी करू? शंभर फुटाला तीस फूट म्हणजे पावणेतीन गुंठे होतात." हिशेब बरोबर होता. पावणेतीन गुंठे म्हणजे त्यांचं नुकसानच. मग मी म्हणालो, ते पावणेतीन गुंठे मी करतो. पावसाळ्यात भुईमूग, मग कांदा. तुमच्या रानात गुंठ्याला जेवढा ऊस निघेल तेवढ्याचे पैसे कारखान्याच्या भावानं तुम्हाला देतो, बी-खत माझं. आणि त्यांच्या घराच्या पश्चिमेला माझा ऊस येतो, तिथले तीस फूट मी यंदाच्या तोडीनंतर न विचारताच मोकळे केलेत, हेही सांगितलं. दादा म्हणाले, पोराला विचारतो. आता सगळं पोरगंच बघतं.

पोरानं नवीन ठिबक घेतलंय. आडसाली लागण जुलैत धरायचीय आणि नळ्या बांधापर्यंत टाकायचा त्याचा बेत आहे. मला म्हणाला, "काका, तुमची जाळी आहे ना आता? मग कशाला पाहिजे तीस फूट?" मी त्याला भांडलो नाही. सकाळी साडेपाचला बोलावलं आणि पूर्वेची पट्टी दाखवली. त्या दिवशी ठसे होते. एक मोठा, आणि त्याच्या बाजूनं दोन छोटे.

तो खाली बसून बराच वेळ बघत राहिला. त्याचीही पोरगी तीन वर्षांची आहे, आमच्या नातीएवढीच. उठताना म्हणाला, "वीस फूट चालतील का?" मी म्हटलं, वीसला मादी दोन ढांगांत जाळीपाशी येते, तीस असू दे. रविवारी टेप घेऊन येतो म्हणालाय. भुईमुगाचं बी मी फोडून ठेवलंय.