साहेबांची बदली

आमच्या बँकेत साहेबांची बदली झाली की साहेब जातात, शिपाई राहतो. नव्या गावी आठ दिवसांत साहेबांना कळतं, की जी कार्यक्षमता आपण आपली समजत होतो ती जुन्या शाखेतच राहिली. हे मी वीस वर्षं पाहतो आहे. तरीही माझ्या हातून तीच चूक झाली, आणि तीही मेहुण्यासमोर!

२०२० साली सारा देश घरात बसला होता. आम्ही बँकवाले एक दिवसाआड कामावर जायचो. उरलेल्या दिवसांत मी पायथॉन ही संगणकाची भाषा शिकलो. बी.कॉम. माणसानं चाळिशीत साप पाळू नये, असं सौभाग्यवतींचं मत पडलं. पण हे नाव सापावरून नव्हे, 'माँटी पायथॉन' या इंग्रज विनोदी मंडळींवरून ठेवलंय असं कळलं आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

या भाषेत २००४ पासून 'सबप्रोसेस' नावाची एक सोय आहे. तिचं काम एकच : दुसऱ्या प्रोग्रामला हाक मारायची आणि काम करून घ्यायचं. तो प्रोग्राम जाताना एक आकडा ठेवून जातो. शून्य म्हणजे काम फत्ते. दुसरं काहीही असलं की समजावं, घोटाळा.

मी आमच्या सोसायटीचा खजिनदार. बँकेच्या पीडीएफ उताऱ्यातून मेंटेनन्स कोणी भरला, कोणी बुडवला हे काढणारं मोड्यूल मी लिहिलं. खरं काम करायचा 'पीडीएफटूटेक्स्ट' नावाचा गरीब प्रोग्राम. माझं मोड्यूल नुसता हुकूम सोडायचं आणि खाली सही ठोकायचं.

नाशिकचा मेहुणाही खजिनदार. म्हणाला, "भाऊजी, मलाही पाठवा की!" मग आलं पॅकिंग. एक फॉर्म भरायचा : नाव, आवृत्ती, लेखक, परवाना, आणखी कोणती पायथॉनची मोड्यूलं लागतात. खातं उघडण्याचा फॉर्मच तो. फक्त दोन फोटो मागत नाही. शेवटी 'व्हील' नावाचं गाठोडं तयार होतं. मी ते ऐटीत रवाना केलं.

रात्री फोन. "भाऊजी, बसवताना काही कुरकुर नाही केली. पण चालवलं की म्हणतं, फाइल सापडत नाही. तुमच्या बँकेची सवय लागली वाटतं त्याला!"

गाठोड्यात साहेब गेले होते, शिपाई माझ्याच घरी होता! भाच्यानं माझ्या संगणकावर लिनक्स घातलं, त्याबरोबर पीडीएफटूटेक्स्ट आयता आला होता. मेहुण्याच्या विंडोजवर तो कुठला असायला? फॉर्ममध्ये पायथॉनच्या सोयऱ्याधायऱ्यांची चौकशी होते. बाहेरच्या माणसाला रकानाच नाही.

मग मी मोड्यूलला शिष्टाचार शिकवला. हुकूम सोडण्याआधी शिपाई जागेवर आहे का ते बघायचं, नसेल तर सरळ मराठीत सांगायचं. सोबतच्या माहितीपत्रात ठळक लिहिलं, 'येताना पीडीएफटूटेक्स्ट घेऊन यावे.' लग्नपत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' छापतात, त्याच्या अगदी उलट. ०.१ ची आवृत्ती ०.२ झाली.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. आवाज पडलेला. "सगळं बसवलं भाऊजी. पण शेवटी नुसतं शून्य आलं हो."

"शून्य?" मी ओरडलोच. संध्याकाळी कॅश जुळून फरक शून्य आला की होतो, तसाच आनंद झाला. "अगं, पेढे काढ!"

सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, माझ्या भावाला शून्य मिळालं म्हणून पेढे?"