खाऱ्या वाऱ्याचा रोध

कोवलमला, म्हणजे केरळातल्या नव्हे, चेन्नईच्या दक्षिणेला ईस्ट कोस्ट रोडवरच्या मच्छीमारांच्या गावात, वारा मीठ घेऊनच घरात शिरतो. खिडकीच्या गजांना पापुद्रे सुटतात, कुलपं अडतात, सायकलची चेन बघता बघता तांबडी होते. हे सगळं डोळ्यांपुढे घडतं म्हणून अंगवळणी पडतं. भिंतीतल्या सॉकेटमध्ये काय चाललंय ते मात्र आकड्यांवाचून कळत नाही, आणि मला त्या आकड्यांचं फार अप्रूप आहे.

इथल्या भाड्याच्या घरात एकदा गिझरच्या प्लगपाशी जळका वास येऊ लागला. गावातल्या वायरमनना बोलावलं. सगळ्यांसारखा मीही त्यांना अण्णाच म्हणायचो. चालू लाइनवर हात घालणं त्यांचंच काम. त्यांनी सॉकेटच्या मागच्या वायरींवर मल्टीमीटर लावला: 230 व्होल्ट. प्लगच्या पलीकडे, गिझरकडे जाणाऱ्या वायरींवर: 224. मग क्लॅम्प मीटरचा चिमटा एका वायरभोवती धरला: साडेआठ अँपिअर. अण्णांना तेवढं पुरलं. त्यांनी मेन स्विच बंद करून स्क्रू ड्रायव्हर काढला. मी कागद घेतला.

मधले 6 व्होल्ट प्लगमध्येच खर्ची पडत होते. 6 भागिले 8.5, म्हणजे जेमतेम 0.7 ओहम. गिझरच्या कॉइलचा रोध 26 ओहमच्या वर. तिच्यापुढे हा अगदीच किरकोळ. पण 6 गुणिले 8.5 केलं की 51 वॅट येतात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातलं साधं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं, आणि त्याच्या टोकाला कथील वितळतं. त्याच्या दुप्पट उष्णता प्लास्टिकच्या त्या इवल्याशा डबीत कोंडली जात होती. प्लग उपसला तेव्हा पिनांवर हिरवा कळंक चढलेला दिसला, आणि सॉकेटची कड काळी पडून वितळली होती. खारी दमट हवा पितळ खाते, पिन आणि पत्ती यांचा स्पर्श कमी होतो, रोध वाढतो, जागा तापते. तापली की पत्तीचा ताण जातो आणि रोध आणखी वाढतो. त्याच वेळी, त्याच साडेआठ अँपिअरवर, पाण्यात बुडालेली कॉइल 1900 वॅट सुखाने पाण्याला देत होती. उष्णता वाहून नेणारं पाणी भोवती असलं की रोध कामाला येतो. प्लगमधल्या रोधाभोवती नुसतं प्लास्टिक होतं.

व्होल्ट भागिले अँपिअर हा भागाकार आज नववीतलं पोरही करतं. तो पहिल्यांदा खात्रीने मांडायला जॉर्ज ओहम या शाळामास्तराला केवढे कष्ट पडले! कोलोनच्या शाळेत शिकवता शिकवता तो प्रयोग करी. तेव्हाच्या बॅटरीचा विद्युतदाब मोजता मोजताच उतरायचा. 1826 मध्ये त्याने बिस्मथ आणि तांब्याचा जोड वापरला: एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. दाब स्थिर झाला, आणि तारेच्या लांबीशी विद्युतधारेचं नातं उघडं पडलं. 1827 च्या त्याच्या पुस्तकाची मायदेशात उपेक्षाच झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने 1841 मध्ये त्याला कोप्ली पदक दिलं. प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता निघते हे जूलने छापलं तेही त्याच वर्षी.

पण कोवलमच्या किनाऱ्यावर मला आठवतो तो त्याही आधीचा हेन्री कॅव्हेंडिश. 1770 च्या दशकात मीटर नव्हतेच. काचेच्या नळ्यांत निरनिराळं पाणी भरून तो स्वतःच्या अंगातून विजेचा धक्का घ्यायचा आणि धक्क्याच्या जोरावरून तुलना करायचा. समुद्राचं पाणी पावसाच्या पाण्यापेक्षा शंभरेक पट चांगलं वाहक आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. यातलं बरंचसं त्याने छापलंच नाही. मॅक्सवेलने ते 1879 मध्ये प्रसिद्ध केलं.

म्हणजे सॉकेटमध्ये विजेची वाट अडवणारं मीठ पाण्यात तीच वाट मोकळी करतं. कोवलमच्या दक्षिणेला नेम्मेलीत समुद्राचं पाणी गोडं करून चेन्नईला पाठवणारे प्रकल्प आहेत: 2013 पासून रोज 10 कोटी लिटर क्षमतेचा, आणि 2024 मध्ये त्याच्या जोडीला आलेला 15 कोटी लिटरचा. मीठ किती उरलं हे पाणी चाखून ठरत नाही. दोन इलेक्ट्रोडमध्ये थोडा व्होल्टेज द्यायचा, किती विद्युतधारा जाते ते बघायचं, भागाकार करायचा. एक सेंटिमीटरच्या घनाएवढ्या समुद्राच्या पाण्याचा रोध सुमारे 20 ओहम. पिण्यायोग्य, लिटरला 500 मिलिग्रॅम क्षार असलेल्या पाण्याचा साधारण हजार ओहम. अतिशुद्ध पाण्याचा तब्बल 1 कोटी 80 लाख! घरच्या फिल्टरचं पाणी तपासायला येणारा माणूस जो पेनाएवढा टीडीएस मीटर पेल्यात बुडवतो, त्यातही हेच गणित चालतं. पडद्यावर क्षारांचा आकडा दिसतो, भागाकार आत दडलेला असतो.

किनाऱ्यावरच्या शाळांत, इथे काय किंवा रत्नागिरी-मालवणात काय, रोधाचा धडा नुसत्या तारेच्या गुंडाळीवर शिकवू नये असं मला मनापासून वाटतं. एक सेल, एक मीटर, एक पेला आणि चिमूटभर मीठ एवढंच सामान लागतं. आधी विहिरीचं पाणी, मग समुद्राचं. आकडे पोरांनी स्वतः वहीत उतरवावेत आणि भागाकारही त्यांनीच करावा.