व्यसन कोणाचे?

हल्ली चार गृहस्थ एकत्र बसले म्हणजे तरुण पिढीच्या मोबाइलच्या वेडाचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. मुले अभ्यास करीत नाहीत, इन्स्टाग्रामवरील चित्रफिती पाहत रात्री जागतात, हाक मारली तर ओ देत नाहीत व बोलली तर उर्मटपणे बोलतात, ही तक्रार मुंबईपुण्यात ऐकू येते तशी आमच्या बोईसरजवळच्या बेटेगावातही ऐकू येते. तक्रार खोटी नाही. तथापि ती करणाराच्या हातीही बहुधा तेच यंत्र असते, इकडे कोणाचे लक्ष जात नाही. यास्तव ह्या प्रश्नाचा थोडा निराळ्या बाजूने विचार करणे इष्ट वाटते.

कौटिल्याने अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांस वाहिले आहे. मनुष्यास कल्याणापासून दूर फेकते ते व्यसन, अशी त्याने ह्या शब्दाची फोड केली आहे. मनुष्याच्या व्यसनांचे तो दोन वर्ग पाडतो: कामापासून उपजणारी आणि कोपापासून उपजणारी. मृगया, द्यूत, स्त्री व मद्य ही पहिल्या वर्गात येतात. कठोर वाणी, दुसऱ्याच्या अर्थाची हानी व अवाजवी दंड ही दुसऱ्या वर्गात. मुलांच्या हातातील यंत्रात आपण पहिलाच वर्ग तेवढा शोधीत बसतो. दुसरा आपल्या दृष्टीस पडत नाही, कारण तो आपल्याही अंगवळणी पडलेला असतो.

ह्या दुसऱ्या वर्गाचे फळ आमच्या पालघरने पाहिले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे ह्यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर आपले मत लिहिले व तिच्या मैत्रिणीने त्यास पसंती दर्शविली. दोघींस अटक झाली, आणि जमावाने एकीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड केली. त्यांना लावलेल्या कलमांपैकी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. आता मर्यादा कोणी सोडली, मत लिहिणाऱ्या मुलीने की रुग्णालय फोडणाऱ्या जमावाने?

पुढे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲपवरील अफवेपायी भटक्या गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांचा जमावाने जीव घेतला. १६ एप्रिल २०२० रोजी आमच्याच जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक अशाच अफवांनी बिथरलेल्या जमावाच्या हातून मारले गेले. त्या जमावात अल्पवयीन मुले होती, तशी संसारी, वडीलधारी माणसेही होती.

इतके भयंकर नव्हे, पण त्याच जातीचे उदाहरण आमच्या घरातही घडले. दारूच्या नशेत रस्त्यावर कोलमडणाऱ्या एका मजुराची चित्रफीत कोणीतरी धाडली होती. रात्री जेवणे आटोपल्यावर ती ह्या हातातून त्या हातात फिरली आणि घरातील तिघे मोठे पोट धरून हसले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझ्या पुतण्याच्या मुलाने वर्गातील एका अडखळत बोलणाऱ्या मुलाची तशीच फीत करून मित्रांस पाठविली. तो बिचारा चार दिवस शाळेत गेला नाही. हे कळताच पुतण्या हात उगारून उठला. तेव्हा पोर म्हणाले, "बाबा, त्या रात्री तुम्हीही हसलाच होतात ना?" उगारलेला हात खाली आला. पुढे बापलेक दोघेही त्या मुलाच्या घरी जाऊन क्षमा मागून आले.

ह्यात यंत्राचा दोष नाही असे नव्हे. पुस्तकास शेवटचे पान असते, नाटकावर पडदा पडतो. येथील प्रवाह मात्र बुद्ध्याच अंतहीन ठेवलेला आहे, कारण पाहणारा जितका काळ खिळून राहील तितक्या अधिक जाहिराती त्यास दाखविता येतात. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांस अशा माध्यमांवर खाते ठेवण्याची मनाई केली. आपल्याकडील २०२३ च्या कायद्यातही १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. परंतु संमती देणाऱ्या पालकाचेच मन त्याच्या ताब्यात नसेल, तर कायद्याने काय साधणार?

ह्या दृष्टीने सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव ह्या गावाने केलेला प्रयोग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. टाळेबंदीनंतर मुलांचे अभ्यासात चित्त लागेना, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने ठराव केला की, सायंकाळी सातला मंदिरावरील भोंगा वाजताच साऱ्या गावाने दीड तास मोबाइल व दूरदर्शन संच बंद ठेवावयाचे. मुलांनी त्या वेळी पुस्तके घेऊन बसावे. ह्यातील मर्म 'साऱ्या' ह्या शब्दात आहे. बंदी एकट्या मुलांवर नव्हती. बापाचा मोबाइल आणि आजीची मालिका, दोन्ही तिच्यात आली.

वरील प्रसंगानंतर आमच्या घरीही असाच नियम झाला. साडेसात ते नऊ सर्वांचे मोबाइल फडताळात राहतात. मुले आठवडाभर कुरकुरली आणि मग पत्त्यांत व गप्पांत रमली. फडताळाकडे हळूच वळणारी पावले अजूनही असतात ती मोठ्यांचीच. राजाचे जसे शील तसे प्रजेचे होते, असे कौटिल्य त्याच अधिकरणात सांगतो. घराचेही तेच आहे. मुलांचे व्यसन सुटावे असे ज्यांस मनापासून वाटते, त्यांनी पहिला मोबाइल आपला ठेवावा.