‘पाव’ शब्दाचें कूळ

सोयरीक जुळवितांना आपण कूळ, गोत्र, मागच्या पिढ्या सारें विचारतों. रोज तोंडीं असणाऱ्या शब्दाचें कूळ मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. कोणी तरी सांगितलेली व्युत्पत्ति खरी धरावयाची आणि तिच्यावरून पंक्ति मोडावयाची, अशी आपली रीत. ‘पाव’ या शब्दाची गत तशीच झाली आहे. आमच्या चोरखमाऱ्यास, आणि वाचकांच्या घरींही बहुधा, त्याच्या दोन कथा सांगतात. एक अशी कीं, कणीक पायांनीं तुडवितात म्हणून पाव. दुसरी अशी कीं, चार जोडून भाजतात, त्यांतला एक तो पाव, म्हणजे चौथा हिस्सा.

दुसरी कथा लटकी असली तरी निरुपद्रवी आहे. लादी चार पावांचीच असते असें थोडेंच आहे? पहिली मात्र उपद्रवी. गोंदिया जिल्हा मध्यप्रदेशाला लागून; हिंदी आमच्या कानांवर सदैव पडते. त्या भाषेंत पायाला ‘पाँव’ आणि पावाला ‘पावरोटी’. त्यामुळें आमच्याकडे या कथेला साक्षीदार आयताच मिळाला.

गंमत ही कीं, पाय आणि चतुर्थांश या अर्थाचा पाव हे खरोखरीच सख्खे भाऊ आहेत. दोघांचाही बाप संस्कृत ‘पाद’. चतुष्पादाचा एक पाद तो चौथा हिस्सा. खाण्याचा पाव या घराण्यांतला नव्हे. तो केवळ नांवानें सारखा. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें, आणि त्यांच्याबरोबर हा शब्द आला. त्यांच्या भाषेंत त्याचा उच्चार नाकांतून ‘पांव’ असा होतो. मूळ लॅटिन ‘पानिस’. मराठींत येतांना नाकांतला सूर तेवढा गळाला. याला दाखलाही आहे. त्यांचा ‘लेइलांव’ शब्द असाच नाकांत संपतो, आणि तोच आपला ‘लिलाव’. हेच लोक सोळाव्या शतकांत जपानांत गेले. तेथें पावाला आजही ‘पान’ म्हणतात. जपानी माणसाला आपल्या ‘पाया’ची ओळखही नाहीं!

तुडविण्याची गोष्ट मात्र जगांत अगदींच निराधार नव्हे. मिसर देशचे लोक कणीक पायांनीं आणि माती हातांनीं मळतात, असें नवल ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानें लिहून ठेवलें आहे. पण त्यावरून आपल्या शब्दाचा जन्म सिद्ध होत नाहीं.

मला वाटतें, आपल्या लोकांची खरी अडचण पायाची नव्हतीच. ती हाताची होती. पाव भाजणारा परधर्माचा, हें उघड बोलण्यापेक्षां पायावर ढकलणें सोयीचें. १८४९ सालीं मुंबईंत निघालेल्या परमहंस सभेंत शिरणाऱ्याला ख्रिस्ती माणसानें भाजलेला पाव खावा लागे. जातिभेद सोडल्याची ती खूण. सभा अर्थातच गुप्त होती. पुढें १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनांत चहा-बिस्किटें पुढें आलीं; कोणी घेतलीं, कोणी नुसता मान राखला; गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत आणलीं आणि टिळक-रानड्यांनाही ग्रामण्य चुकलें नाहीं. त्या बिस्किटांत पाय कोठें होता?

आमच्या घरीं हा वाद नुकताच ताजा झाला. धाकटी सून गोव्याची. तिच्या माहेरीं पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजल्याखेरीज सकाळ होत नाहीं. येथें ती आपला पाव घेऊन पडवींत एकटी बसे. तिला तसें कोणी सांगितलें नव्हतें. एकदां आत्याबाईंनीं आपलें ताट बाजूला सरकविलें, तेवढें तिला पुरें झालें. आठ महिन्यांची घरची मुलगी सकाळपुरती परकी होते, हें मला पाहवेना.

एका एकादशीस आत्याबाई फराळाला बसल्या असतां मीं वरची सगळी हकीगत त्यांना सांगितली. शेवटीं म्हटलें, “आत्याबाई, तुमच्या ताटांतला बटाटा मूळचा अमेरिकेंतला, आणि नांव पोर्तुगीजांचें. तो उपासाला चालतो.”

त्या कांहीं वेळ ताटाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “अरे, पण पायांनीं तुडवीत नाहींत ना, तें खरें सांग.”

“नाहीं. आतां बहुतेक ठिकाणीं यंत्रानें मळतात.”

पाव त्यांनीं अद्याप तोंडीं लावलेला नाहीं, आणि या वयांत त्यांनीं तो लावावा असा माझा आग्रहही नाहीं. सुनेचा पाट मात्र आतां माजघरांत, त्यांच्या शेजारींच मांडतात. तिनें परवां त्यांना सांगितलें कीं, गोव्यांत एका गोल पावाला ‘उंडो’ म्हणतात. उंडा म्हणजे कणकेचा गोळा, हें आत्याबाईंना सांगावें लागत नाहीं. त्या आतां सर्वच पावांना ‘उंडा’ म्हणतात, आणि तिरोड्याला कोणी निघालें कीं सुनेसाठीं आणावयास सांगतात.