काचेच्या गावातील पावसाची पुंजी

बेल्जियममधील अँटवर्प हे शहर हिऱ्यांच्या व्यापारामुळे अनेक जैन कुटुंबांच्या परिचयाचे आहे. तेथे आप्तांकडे उतरलेली मंडळी सवडीने शेजारच्या नेदरलँड्सची सहल करतात, हेग आणि अ‍ॅमस्टरडॅम पाहतात, हंगाम असला तर ट्यूलिपचे मळेही पाहतात. हेग आणि रॉटरडॅम यांच्या मधे, उत्तर समुद्राला लागून वेस्टलँड नावाचा एक सपाट प्रदेश आहे. तिकडे मात्र प्रवासी सहसा वळत नाहीत. वास्तविक पाण्याचे मोल जाणणाऱ्या माणसाने एक दिवस मुद्दाम काढावा, असेच हे ठिकाण आहे.

नाल्डवाईक गावाच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत काचेची छपरे पसरलेली दिसतात. एकोणिसाव्या शतकात येथे काचेखाली द्राक्षे पिकत असत. आज दोन हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र हरितगृहांनी व्यापले असून टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडी आणि फुले यांचे पीक तेथे घेतले जाते. बाहेर जानेवारीत सरासरी तापमान तीन-चार अंश असते, आत मात्र वेली हिरव्यागार असतात. प्रत्येक हरितगृहाच्या कडेला मातीचे बांध घालून केलेले, काळ्या प्लॅस्टिकचे अस्तर लावलेले एक तळे किंवा पत्र्याची गोल टाकी असते. या काचेच्या गावाची पुंजी तेथे साठलेली असते.

नेदरलँड्समध्ये वर्षाला सुमारे 850 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बाराही महिने थोडाथोडा पडत राहतो. कालव्यांनी वेढलेल्या देशात पाऊस साठवण्याची गरज का पडावी, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर जमिनीखाली आहे. समुद्राच्या सान्निध्यामुळे येथील भूजल मचूळ आहे आणि कालव्यांच्या पाण्यातही मिठाचा अंश उतरतो. हरितगृहातील रोपे मातीत न वाढवता दगडी लोकरीच्या लाद्यांवर वाढवतात. मुळांना जागा अगदी थोडी असल्यामुळे पाण्यातील मीठ तेथे लवकर साठते आणि पीक खुरटते. पावसाच्या पाण्यात मीठ जवळजवळ नसतेच. म्हणून त्याच्याइतके निर्धोक पाणी दुसरे नाही.

हे पाणी जमा करण्याची रीत साधी आहे. काचेच्या उतरत्या छपरांमधील पन्हळींतून पाऊस नळांत आणि नळांतून तळ्यात येतो. थंडीने तळ्यावर बर्फाचा थर धरला, तरी पाणी ओढणारे तोंड पृष्ठभागाखाली असल्याने पुरवठा चालू राहतो. ऊन लागून शेवाळ वाढू नये म्हणून काही ठिकाणी तळ्यावर आच्छादन घालतात, कारण शेवाळाने ठिबकची बारीक छिद्रे बुजतात. पुढे हे पाणी गाळून, त्यात मोजून खत मिसळून रोपांना दिले जाते.

खरी कसोटी हिशेबाची आहे. एक हेक्टर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी मिळते. नियमाने हेक्टरी किमान 500 घनमीटर साठवण आवश्यक धरलेली आहे. म्हणजे 50 मिलिमीटर पावसाने ती भरते. उन्हाळ्यातील लख्ख दिवशी टोमॅटोच्या पिकाला चौरस मीटरला सुमारे पाच लिटर पाणी लागते. त्या हिशेबाने भरलेले तळे दहा दिवसांत रिकामे होते. वर्षाची जमा आणि खर्च यांत फार मोठी तफावत नसते. अडचण वेळेची असते. हिवाळ्यात तळी भरून वाहतात आणि नेमक्या गरजेच्या वेळी तळ दिसू लागतो. 2018च्या उन्हाळ्यात बाष्पीभवनाच्या मानाने पावसाची तूट 300 मिलिमीटरच्या वर गेली, तेव्हा हे साऱ्या देशाला जाणवले.

मोठे तळे खोदावे, तर जमीन महाग. म्हणून काही बागायतदार हिवाळ्यातील जादा पाणी गाळून जमिनीखालच्या वाळूच्या थरात सोडतात आणि उन्हाळ्यात परत उपसतात. गोडे पाणी खाऱ्याहून हलके असल्याने वर तरंगते. म्हणून ते खोल सोडायचे आणि वरच्या पातळीवरून काढायचे. याउलट, भूजलातील मीठ यंत्राने वेगळे करून उरलेले अधिक खारट पाणी पुन्हा जमिनीत सोडण्याची पद्धत वादाची ठरली आहे. आजची सोय उद्याच्या भूजलावर बोजा टाकते, हा त्यावरचा आक्षेप आहे.

दुसरा पेच मुसळधार पावसाचा. काच पाणी शोषत नाही. भरलेली तळी ओसंडली की सखल भागातील कालवे फुगतात. म्हणून मोठ्या पावसाचा अंदाज आला की काही जण तळ्यातील थोडे पाणी आधीच सोडून जागा करतात. पाऊस आला नाही, तर ते पाणी गेले ते गेलेच. शेजाऱ्याच्या घरात पाणी शिरू नये म्हणून स्वतःच्या पुंजीचा काही भाग सोडण्याचा हा निर्णय सोपा नसतो.

रोपांखालून झिरपलेले पाणीही गोळा करून, जंतुरहित करून पुन्हा वापरतात. प्रत्येक फेरीत त्यातील मीठ वाढत जाते आणि ते मर्यादेबाहेर गेले की पाणी टाकून द्यावे लागते. 2018पासून असे पाणी औषधांचे अंश काढल्याशिवाय सोडता येत नाही. आरंभीचे पाणी जितके निर्मळ, तितक्या अधिक फेऱ्या होतात आणि तितके कमी पाणी वाया जाते. पावसाच्या पाण्याचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

महाराष्ट्रातही मावळात गुलाबाची पॉलिहाऊस आहेत आणि गावोगावी अस्तर लावलेली शेततळी आहेत. येथे पाऊस चार महिन्यांत येऊन जातो आणि पुढचे आठ महिने त्याच साठ्यावर काढायचे असतात. म्हणजे साठवणीची गरज वेस्टलँडहून कितीतरी अधिक. बारा महिने पाऊस मिळणारा तो देश छपरावरचे पाणी मोजून ठेवतो. आपल्याकडील प्रत्येक पॉलिहाऊसच्या छपराची पन्हळ शेततळ्यापर्यंत पोहोचली आहे की नाही, एवढे जरी या वर्षी मृगापूर्वी पाहिले गेले, तरी पुष्कळ झाले.